जुळे सोलापूरच्या बाजूचं सुपरमार्केट: माल चांगला, पण शनिवारची रांग कुठं अडते ते सांगते

दीड वर्ष झालं, आमचं महिन्याचं सामान याच सुपरमार्केटमधनं येतंय. नाव लिहीत नाही कारण शहरात यांच्या तीन शाखा आहेत आणि मी लिहिणारे ते जुळे सोलापूरच्या बाजूच्या एकाच शाखेचं आहे. ज्यांना फक्त जायचं का नाही एवढंच पाहिजे त्यांना आधीच सांगते, जा, माल ताजा आहे, भाव बरोबर आहेत, पाचातले साडेतीन स्टार. बाकीचं सगळं गेलेल्या दीड स्टारबद्दल आहे आणि ते जरा सविस्तर लिहिणारे, कारण वडलांचं मंगळवार पेठेत तीस वर्षं किराणा दुकान होतं आणि लग्नाआधी मी स्वतः पुण्यात एका रिटेल चेनमध्ये सात वर्षं स्टॉक बघायचे. अजूनही कुठल्याही दुकानात शिरलं की माझी नजर आधी रॅकच्या खालच्या फळीवर जाते, कारण वरची फळी सगळेच भरून ठेवतात.

इथं खालची फळी भरलेली असते. माझी घरची यादी साधारण चाळीस वस्तूंची, आणि मागच्या सहा वेळात एका वेळी दोनच्या वर वस्तू कधी दुसरीकडनं आणाव्या लागल्या नाहीत. तूरडाळ, रवा, शेंगतेल, पोहे हे कधी संपलेलं बघितलं नाही, अगदी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात संक्रांतीला तीळ-गुळावर झुंबड असते तेव्हासुद्धा. माझ्या मते दुकान नीट चालतंय का याचं हे पहिलं माप, की गिऱ्हाइकानं हात पुढं केला तेव्हा माल तिथं होता का. दुसरं बघितलं ते दूध-पनीरच्या फ्रिजमध्ये, आधी संपणारी तारीख पुढं आणि नवीन माल मागं लावलेला, आणि हे एकदाच नाही, दर वेळी. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय की घाईत नवीन क्रेट पुढं ढकलून मोकळं व्हायचा मोह किती असतो, आणि मग मागचा माल तारीख उलटून फेकावा लागतो. इथला जो कोणी सकाळी फ्रिज लावतो त्याला माझा नमस्कार. फक्त तो फ्रिज पुढनं उघडा आहे, मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री असताना त्याच्यापुढं उभं राहिलं की पाय गार पडतात, म्हणजे गारवा जमिनीवर सांडतोय आणि बिल वाढतंय. निदान प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा तरी लावा, रात्री दुकान बंद असताना तर नक्कीच.

जागेच्या वापराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मोठ्या चेन दर चौरस फुटामागं विक्री किती हे बघतात, डीमार्टच्या कंपनीनं २०२३-२४ साठी हा आकडा ३२,९४१ रुपये दिलाय, म्हणजे फरशीचा एक एक फूट दिवसाला साधारण नव्वद रुपये विकतो. आकडा मोठा आहे आणि उपयोगाचाही आहे, पण त्यात एक गोष्ट दिसत नाही, त्या फुटावर पैसा किती दिवस अडकून पडला. वडील सांगायचे, माल फिरला पाहिजे. आमच्या दुकानात चार लाखाचा माल असायचा आणि महिन्याला खरेदीभावानं तीन लाखाचा विकला जायचा, वर्षाचे छत्तीस, म्हणजे माल वर्षात नऊ वेळा फिरला आणि लावलेला रुपया चाळीस दिवसांनी घरी आला. हे ते वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहायचे. आता या सुपरमार्केटमध्ये दारातनं आत गेलं की पहिल्या पंधरा पावलांत नुसते प्लॅस्टिकचे टब, काचेच्या बरण्या, डिनर सेट. समजा शंभर रुपयाच्या बरणीमागं पंचवीस सुटतात पण ती वर्षात चारदाच फिरते, तर वर्षाचे शंभर झाले. शंभर रुपयाच्या बिस्किटामागं आठच सुटतात पण ती चोवीस वेळा फिरतात, तर एकशे ब्याण्णव. नुसता टक्का बघून जागा दिली की असं होतं. आणि आपल्याकडची शेंगा चटणी, कडक भाकरी, मंगळवेढ्याची ज्वारी, जी बाहेरगावचे पाहुणे आवर्जून मागतात, ती सगळी लांब कोपऱ्यात, पीठाच्या पोत्यांच्या मागं.

आता रांगेचं. शनिवारी ऑफिसवरनं येताना दूध-ब्रेड घेतलं, तीन नंबर काउंटरवर ६:१२ चं बिल. घरी आल्यावर आई म्हणली, अगं महिन्याचं सामान कधी आणणार, म्हणून आईलाच घेऊन परत गेले, आणि रांगेत सव्वीस मिनिटं उभं राहून त्याच काउंटरवर ७:२७ चं बिल झालं. आईचे गुडघे दुखतात, ती ट्रॉलीच्या दांड्यावर रेलून उभी होती, मला लई वाईट वाटलं. घरी येऊन दोन्ही बिलं शेजारी ठेवली. इथं प्रत्येक काउंटरचे बिल नंबर वेगळे चालतात, पहिल्याचे शेवटचे आकडे ४१८ आणि दुसऱ्याचे ४४९. म्हणजे पंच्याहत्तर मिनिटांत एकतीस बिलं, एका बिलाला जवळजवळ अडीच मिनिटं. आमच्यापुढं दहा जण होते, दहा गुणिले अडीच, तिथंच पंचवीस आले. रांगेचा हिशोब इतका साधा आहे, जॉन लिटल म्हणून एक अमेरिकन प्राध्यापक होते त्यांनी १९६१ मध्ये तो गणितानं सिद्ध केला, की रांगेत सरासरी जितकी माणसं उभी असतात ती म्हणजे मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा रांगेत जाणारा सरासरी वेळ. तुम्हीपण करून बघा, दोन बिलं जपून ठेवली की कुठल्याही दुकानाचा वेग घरबसल्या कळतो. फक्त शनिवारच्या ट्रॉल्या मोठ्या असतात, त्यामुळं एकाच वाराची एकाच वाराशी तुलना करायची.

पण अडीच मिनिटं का लागतात ते बिलावर कळत नाही, ते तिथं उभं राहून बघावं लागतं. काउंटरवरच्या मुलीचा हात एकदम चांगला आहे. आमच्या अडतीस वस्तू होत्या, त्यातल्या सदतीस तिनं दोन मिनिटांत काढल्या, मी घड्याळ बघत होते, पाकिटाची पट्टी कुठल्या बाजूला असते हे तिच्या बोटांना पाठ झालंय. अडतिसावी वस्तू होती अर्धा किलो शेंगदाणे, दुकानातच पॅक केलेले, आणि त्यावर स्टिकर नव्हतं. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं, अंगठ्यानं तळाशी चाचपलं, आणि मान वर करून हाक मारली, अण्णा, याचा कोड काय ओ? पलीकडच्या काउंटरवरनं एक पोरगा बिल करता करता ओरडला, सात-चार-काहीतरी, ताई, वजन करून आणतो थांबा. तो स्वतःचं बिल सोडून पाकीट घेऊन मागं काट्यावर गेला. तीन मिनिटं गेली. तेवढा वेळ आमची रांग थांबली आणि त्याची पण थांबली, म्हणजे एका पाकिटामागं दोन रांगा.

१९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडनं बिलात गेलं, तेव्हापासनं कंपनीच्या पाकिटाची काळजी मिटली. ८९० नं सुरू होणारा आकडा असला की इथं भारतात नोंद झालेला कोड, मशीन टूंक करतं आणि झालं. पण दुकानात सुटा माल तोलून भरला की त्याचा कोड दुकानालाच छापावा लागतो, तो बहुतेक २ नं सुरू होतो आणि वजन किंवा किंमत त्यातच असते. आता सोलापुरात असा माल किती असतो बघा, शेंगदाणे, ज्वारी, चटणी, बचत गटाच्या बायकांकडनं येणारी कडक भाकरी, त्यांच्या पाकिटावर कंपनीचा कोड कुठनं असणार. आमच्यापुढच्या दहा जणांत चार वेळा असंच झालं, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, परत शेंगदाणे आणि भाकरी. रांगेत कोणीतरी म्हणलं की असला माल ठेवूच नये दुकानवाल्यांनी. मला हे अजिबात पटत नाही. तोच माल या दुकानाला बाकीच्यांपेक्षा वेगळं करतो, आणि त्या बायकांच्या घरी त्यातनं पैसा जातो.

मी मॅनेजरांना भेटले. भला माणूस आहे, उभ्या उभ्या वीस मिनिटं बोलले. मी विचारलं, पॅकिंगचं काम सकाळी पुरं होत नाही का. तर म्हणाले, ताई, पॅकिंगला एकच पोरगा आहे, शनिवारी साडेपाच वाजता त्याला चौथ्या काउंटरवर बसवतो, मग मागं काट्यावर कोणी राहत नाही, आणि फ्लोअरवरची पोरं रॅक रिकामा दिसला की बिनस्टिकरची पाकिटं तशीच उचलून लावतात. मी म्हणलं, मग त्याला बसवता कशाला? तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. वरच्या ऑफिसला दर शनिवारी रिपोर्ट जातो आणि त्यात एक रकाना आहे, संध्याकाळी किती काउंटर चालू होते. चार लिहिलं की काही विचारत नाहीत, तीन लिहिलं की फोन येतो.

हे ऐकून मला एकदम माझी पुण्याची नोकरी आठवली, तिथंपण असंच. रांग कमी व्हावी म्हणून चौथा काउंटर उघडायचा, त्यासाठी पॅकिंगचा माणूस काढायचा, त्यामुळं बिनस्टिकरचा माल चारही काउंटरवर यायचा, आणि प्रत्येक काउंटर थोडा थोडा अडायचा. किती काउंटर उघडे हे माप घेणं सोपं आहे म्हणून घेतात. गिऱ्हाईक किती वेळ उभं राहिलं हे कोणीच लिहीत नाही, कारण तो वेळ दुकानाच्या खर्चात येत नाही, तो माझ्या आईच्या गुडघ्यावर येतो.

तिन्ही शाखांची तुलना कशी करतात ते पण विचारलं, तर म्हणाले, महिन्याची विक्री बघतात आणि आमची शाखा कायम तिसरी. आता आमच्या शाखेची जागा छोटी आहे, माणसं कमी आहेत, मग नुसत्या विक्रीवर तिसरी येणारच की. यासाठी चांगली रीत आहे, १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी मांडलेली. जागा, माणसांचे तास, वीज असं काय काय घातलं आणि विक्री, बिलं असं काय काय बाहेर आलं, हे सगळं एकत्र धरून त्याच गटातल्या सगळ्यात चांगल्याशी ताडून बघायचं. चांगल्याला १ मिळतो, बाकीच्यांना त्याच्या खाली, आणि कुठल्या गोष्टीत किती वाया जातंय ते पण समजतं. पण तीनच शाखांवर ही रीत लावली तर बहुतेक तिघींनाही १ मिळेल आणि हातात काही लागणार नाही, घातलेल्या आणि निघालेल्या गोष्टी मिळून जितक्या होतात त्याच्या निदान तिप्पट दुकानं लागतात असा साधारण हिशोब धरतात. म्हणून मी मॅनेजरांना म्हणलं ते राहू द्या, तुम्ही तीनच आकडे वहीत लिहा: तासाला किती बिलं, शंभर वस्तूंत किती बिनस्टिकरच्या, आणि रांगेत शेवटी उभं राहिलेल्याला किती मिनिटं. वीस पानी वही आणि पेन्सिल पुरे.

आणखी एक राहिलं, भावाची चूक. त्याच दिवशी रॅकवर साबणाच्या चौकडीला ऑफरची चिठ्ठी होती आणि बिलात पूर्ण भाव लागला. अठरा रुपये परत मिळाले, बिनतक्रार मिळाले, पण हेल्प डेस्कवर अकरा मिनिटं गेली. ऑफर संपली त्या रात्रीच चिठ्ठी काढायचं काम कोणाच्या तरी नावावर पाहिजे.

दोन आठवड्यांनी शनिवारी परत गेले, मुद्दाम तीच वेळ. पॅकिंगचा पोरगा काट्यापाशीच होता, शेंगदाण्याच्या पाकिटांवर ताजी स्टिकरं, बोटाला अजून गरम लागत होती. काउंटर तीनच चालू. सव्वासहाला एक बिस्किटाचा पुडा घेतला, साडेसातला बाकीचं सामान, दोन्ही तीन नंबरवरच. पंच्याहत्तर मिनिटांत एक्केचाळीस बिलं. आई नऊ मिनिटांत मोकळी झाली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली पण. मी आनंदानं मॅनेजरांना सांगायला गेले तर ते फोनमध्ये बघत होते, वरनं मेल आला होता, शनिवारी चौथा काउंटर बंद का होता याचं उत्तर द्या. मी चारही बिलांचे फोटो त्यांना पाठवलेत, आधीच्या शनिवारची दोन आणि आत्ताची दोन, म्हणलं उत्तराला हे जोडा.