दोडक्याचा मांडव: पऱ्हाटी, बांबू, बाभूळ की जुनं लोखंड?

मार्च-एप्रिलात शेत मोकळं झालं की धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग लागतात, तुराट्यांच्या (तुरीच्या काड्यांच्या) पेंढ्या गोठ्याला टेकून उभ्या राहतात आणि संत्र्याच्या बागेत फांद्यांना लावलेले बांबू कुणाच्या तरी अंगणात येऊन पडतात. मृगाच्या आत सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, वेलांचा मांडव घालायचा असेल तर दुकानात जायचं काम सहसा पडत नाही. घरचंच सामान, पण कोणतं कुठं लावावं ते आधी ठरवा.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, जमीन भारी काळी. पहिला मांडव मी सगळाच बांबूचा घातला. दुसऱ्या वर्षी श्रावणात, दोडके भरात असताना, रात्रीच्या पावसात तो आडवा झाला. सकाळी खांब उचलला तर जमिनीच्या बरोबरीनं मोडलेला. वर बांबू ठणठणीत, आणि बुडखा उधईनं (वाळवीनं) खाऊन मातीनं भरून टाकलेला. चिमटीत धरला की चुरा. तेव्हापासून कुठलंही लाकूड पाहिलं की मी आधी विचार करतो, हे मातीत किती दिवस टिकेल?

काळ्या मातीत उधईशिवाय आणखी एक त्रास आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खांब दरवर्षी हलतो, सैल होतो, कलतो. मुरमाड जमीनवाल्यांना हे फारसं सोसावं लागत नाही.

पऱ्हाटी फुकटची आणि फांद्यांची, त्यामुळे वाल-चवळीला धरायला तिच्यासारखं काही नाही. ओळीनं खोचली की झालं. पण एकाच हंगामापुरती. दुधी-दोडक्याचं वजन तिला झेपत नाही. शिवाय एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो. पऱ्हाटीवर वाळलेली, न उमललेली बोंडं राहिली तर त्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते. 2017 मध्ये विदर्भातल्या कास्तकारांच्या कापसाचं या अळीनं किती नुकसान केलं ते आपण पाहिलंय. बोंडं खुडून जाळा, मगच काड्या घरी आणा. एवढं करायला वेळ नसेल तर पऱ्हाटी नकोच.

तुराटी त्याहून बरी. सरळ, हलकी, सुतळीनं बांधून तिची ताटी होते आणि कारल्याचा वेल तिच्यावर झरझर चढतो. ताटी जमिनीपासून वीतभर वर बांधली तर दुसऱ्या वर्षीही कामी येते.

वरच्या आडव्या सामानाला बांबूच घ्या, यात मला शंका नाही. वजनाला हलका, ताकदीला पक्का. बागेतला जुना बांबू घेताना ठोकून पाहा: आवाज बद्द आला, किंवा बारीक छिद्रांतून पिठासारखा भुगा सांडला, तर तो चुलीत घालायचा. स्वतःच्या धुऱ्यावरचा तोडायचा असेल तर तीन वर्षांचा जून बांबू हिवाळ्यात तोडा. कोवळ्यात साखर-स्टार्च जास्त, म्हणून भुंगा लवकर लागतो. खाजगी जमिनीवरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे 2017 पासून वन कायद्याखाली तोडीचा परवाना लागत नाही. मातीत मात्र कच्चा बांबू दोन-तीन वर्षांवर भरवसा ठेवण्यासारखा नाही.

बाभळीचा खांब बांबूपेक्षा खूप टिकतो, पण तो जून आणि जाड हवा. लालसर गाभा उधईला सहजी दाद देत नाही. भोवतालचा पांढरा भाग ती आधी खाते. म्हणून मनगटाएवढी फांदी उपयोगाची नाही. साल मात्र काढूनच लावा, सालीखाली किडा घर करतो.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो. जुन्या गोठ्याचे लोखंडी अँगल भंगारात न देता मी त्यांचे तीन-तीन फुटांचे पाय केले: दोन फूट जमिनीत, एक फूट वर. बांबू त्या अँगलला तारेनं बांधला, बुडखा मातीपासून चार बोटं वर. उधई लोखंडावरून चढू पाहते, पण तिची मातीची नळी दिसते, खराट्यानं पाडता येते. पाय कलला तर उपटून पुन्हा ठोकता येतो, बांबू सडला तर तोच बदलायचा. सगळा मांडव लोखंडाचा करायला पैसा फार लागतो आणि परसातल्या चार वेलांना त्याची गरजही नाही.

भाड्याच्या घरात राहत असाल किंवा यंदा फक्त करून पाहायचं असेल, तर तुराट्यांची ताटी पुरे. घर स्वतःचं आणि दोडका-दुधी दरवर्षी लावणार असाल तर लोखंडी पाय आणि बांबू. लोखंड मिळत नसेल तर जाड बाभूळ. लाल कोहळ्याचा वेल मात्र कशावरही चढवू नका, जमिनीवर पसरू द्या.

ठिबकच्या जुन्या नळ्या उन्हानं कडक झालेल्या असतात. आधाराला नाही, पण तुकडे करून तारेखाली गादीसारखे घातले तर वेल कापत नाही. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे मात्र कुंडी म्हणून, पाणी घालायला, कशालाही वापरू नका. 2017 च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. ते डबे धुऊनही घरात नकोत.

खड्डे मे महिन्यातच घ्या. माती तेव्हा दगड असते, म्हणून जागेवर आदल्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता, सकाळी सब्बल (पहार) सहज उतरते. भोवती काळी माती परत न दाबता मुरूम आणि गोटे ठासा.