पुण्यातून न्यूझीलंड ग्रुप टूर: रोटोरुआ भारी, टाईमिंग गंडलेलं

कोथरूडमधून बुक केलेली टूर, नाव घेत नाही. रोटोरुआत उतरल्या उतरल्या सडक्या अंड्यांचा वास, हायड्रोजन सल्फाईडचा, काकू मंडळींचे रुमाल लगेच नाकावर पण थोड्या वेळाने सवय होते. पोहुतू गिझर (जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) 30 मीटरपर्यंत उडतो म्हणे, आम्हाला मात्र निम्म्यातच हाकललं, का तर शॉपिंग! फाकारेवारेवा गावात माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) कुटुंबं अजून राहतात, उकळत्या झऱ्यात सोडलेली मक्याची कणसं खाल्ली, एक नंबर. हाका, म्हणजे माओरींचा पारंपरिक नाच, बघताना अंगावर काटा आला. हांगी म्हणजे जमिनीत तापल्या दगडांवर शिजवलेलं जेवण, त्यातलं रताळं धुरकट, मस्त, पण व्हेजवाल्यांनी आधीच सांगून ठेवा, आमच्या मॅनेजरने कळवलंच नव्हतं. जागेला पाच स्टार, टूरला दोन.