जोडीदारासाठी नॉमिनी की मृत्युपत्र?

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. बारा वर्षांचा संसार असूनही आम्ही दोघी कागदोपत्री एकमेकींच्या कुणीच नाही.

नॉमिनी करणं सोपं. जोडीदाराला नॉमिनी करायला किंवा संयुक्त खातं उघडायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयानेच ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलं. पण बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते, मालकी नाही. वारस दावा सांगू शकतात.

मृत्युपत्राने स्वकष्टाची मालमत्ता थेट तिच्या नावे करता येते. नोंदणी ऐच्छिक, साक्षीदार मात्र दोन हवेत. आमच्या शेजारच्या काकूंनी चष्मा पुसला, पदर सावरला आणि सावकाश सही केली. मला तेव्हा रडू आवरेना.

एकच जमणार असेल, तर मी मृत्युपत्रच सांगेन.