14 इंची फ्रेम, एक कुलूप आणि एक बाटली : आठ महिन्यांनंतर

माझी उंची पाच फूट. त्यामुळे हायब्रिड सायकल घेताना 14 इंची फ्रेमशिवाय पर्यायच नव्हता. दुकानात गिअर, ब्रेक, टायर सगळं तपासलं, पण पाण्याची बाटली कुठे बसणार हे विचारायचं सुचलंच नाही. घरी येऊन 750 मिलीची बाटली केजमध्ये (फ्रेमवरच्या बाटलीच्या स्टँडमध्ये) घालायला गेले, तर ती वरच्या दांडीला अडली. तिरकी करून, दामटून कशीबशी बसवली. काढायला मात्र दोन हात लागले. चालत्या सायकलवर दोन हात आणायचे कुठून?

छोट्या फ्रेमलाही चाकं मोठ्या सायकलचीच असतात, आखडतो तो दांड्यांमधला त्रिकोण. माझ्या फ्रेमला केजसाठी भोकांची एकच जोडी आहे, खालच्या तिरक्या दांडीवर. भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखंच, 64 मिमी, त्यामुळे केज कुठलाही बसतो. अडते ती बाटली. आणि त्याच त्रिकोणात दुकानदारानं यू-लॉकची (U आकाराच्या जड कुलपाची) क्लिपही लावून दिलेली! कुलूप बसवलं की बाटली नाही, बाटली बसवली की कुलूप नाही.

पहिले दोन महिने मी कुलपाच्याच मागे होते. यू-लॉक घरी ठेवलं आणि गुंडाळीचं नंबरवालं केबल कुलूप आणलं. ते सीटखालच्या नळीला अडकवतात म्हणे. पण आमच्यासारख्यांची सीट इतकी खाली असते की क्लिप लावायला नळी उरतेच किती? चार बोटं. गुंडाळी मांडीला घासायची. त्यात जुलैचा पाऊस. एका संध्याकाळी इथे साताऱ्यात राजवाड्याजवळ भाजी घेऊन परत येते तर नंबरच्या चकत्या गंजून घट्ट. तीन आकडे जुळले, चौथा हलेचना. पलीकडच्या सायकलवाल्याला बोलावलं. त्यानं कटर लावला आणि मी पिशवी खाली ठेवेपर्यंत केबल तुटलेली. म्हणाला, "ताई, हे कुलूप नाही, दोरी आहे." त्या दिवशी यू-लॉक परत बाहेर काढलं.

घडीचं, म्हणजे पट्ट्या दुमडून ठेवायचं कुलूपही पाहिलं होतं. छान असतं, पण त्याची क्लिप बाटलीच्याच भोकांना बसते. म्हणजे पुन्हा तोच तंटा.

शेवटी गणित सोपं निघालं. पाणी चालता चालता लागतं, कुलूप थांबल्यावर. मग त्रिकोण बाटलीचा आणि कुलूप मागे कॅरिअरवर. माझं यू-लॉक किलोच्या वर भरतं. नुसतं ठेवलं तर प्रत्येक स्पीडब्रेकरला आख्ख्या गल्लीला कळतं कोण आलं ते. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या दोन बोटभर रुंद पट्ट्या घेतल्या (पैसे घेतले नाहीत). एकीनं कुलपाचा दांडा गुंडाळला, दुसरीनं ते कॅरिअरला आवळलं. आवाज बंद. उन्हानं रबराला चिरा पडतात, आतापर्यंत एकदाच बदलली. किल्लीचं भोक वर राहिलं की पावसाचं पाणी सरळ आत जातं, म्हणून ते खाली करून बांधते.

बाटलीसाठी बाजूनं निघणारा केज घेतला. आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली खरेदी हीच. 4 मिमीची अ‍ॅलन की आणि पाच मिनिटं, झालं काम. घेताना एवढंच बघा की बाटली कुठल्या बाजूनं निघते. मागचे गिअर उजव्या हाताला असतात आणि यवतेश्वरच्या घाटात ते सारखे बदलावे लागतात, म्हणून मी डावीकडून निघणारा घेतला. तरी 750 ची बाटली जरा घासतेच. 600 मिलीची मात्र अलगद निघते.

घरातली स्टीलची बाटली घालायचा मोह मलाही झाला होता. केज साधारण 73-74 मिमी जाडीच्या बाटलीसाठी असतो. माझी स्टीलची त्याहून बारीक, पोवई नाक्यावर पहिल्याच खड्ड्यात उडून रिक्षाखाली गेली. पोचा आलाय, अजून वापरते, पण घरातच.

हँडलला अडकवायचा प्लॅस्टिकचा केजही वापरून पाहिला. भरलेल्या बाटलीच्या वजनानं क्लिप फिरते आणि बाटली तोंड खाली करून लोंबते. पैसे वाया.

शाहूपुरी ते सदर बझार या रोजच्या जाण्यायेण्याला 600 मिली भरपूर होतं. कासला जायचं तर नाही पुरत. एका बाजूचंच अंतर 25 किमीच्या आसपास, सुरुवातीलाच घाट. तेव्हा दुसरी बाटली कॅरिअरवर कुलपाशेजारी बांधते आणि यवतेश्वरला चहाला थांबून पहिली भरून घेते.

एक अडचण अजून सुटलेली नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सायकल खांद्यावर घ्यायची तर त्रिकोणात हात घालावा लागतो आणि तिथे बाटली बसलेली. शिवाय मागे कुलपाचं वजन, त्यामुळे सायकल मागे कलते. म्हणून खालीच कुलूप सोडते, बाटली काढते, दोन्ही भाजीच्या पिशवीत टाकते आणि मग जिना चढते.