पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ आणि हीटर, की बाटलीतलं औषध?

माशांच्या कल्ल्यांवर, शेपटीवर रव्यासारखे कण दिसू लागले आणि मासे दगडाला अंग घासू लागले, की त्याच रात्री निर्णय घ्यावा लागतो. दुकानातून रंगीत औषधाची बाटली आणायची, की हीटर चढवून मीठ घालायचं? मी दोन्ही करून पाहिलंय, पुण्यातल्या दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत, एकाच दोन फुटी टाकीत. माझा कल एका बाजूला आहे. पण दुसरी बाजूही काही जणांना खरोखरच सोयीची पडेल, म्हणून दोन्ही मांडतो.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे ठिपके पाडणारा इक नावाचा परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो आणि तिथे त्याला मीठही गाठत नाही आणि औषधही नाही. पोट भरलं की तो स्वतःच सुटून खाली पडतो, वाळूत कवच करून बसतो आणि आतल्या आत विभागत जातो. एकाची शेकडो पिल्लं होतात. ती पाण्यात पोहत नवा मासा शोधतात, आणि मासा सापडला नाही तर साधारण दोन दिवसांत मरतात. आपला उपाय चालतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासा स्वच्छ दिसतो तेव्हा रोग गेलेला नसतो, तो वाळूत असतो. एवढं चक्र सव्वीस अंशांच्या पाण्यात काही दिवसांत पुरं होतं. पाणी गार असेल तर त्याला आठवडे लागतात.

पहिल्या हिवाळ्यात मी बाटली आणली. मॅलाकाइट ग्रीन आणि मिथिलीन ब्ल्यूचं मिश्रण होतं. थेंब मोजले, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला (तो रंग शोषून घेतो, ठेवला तर औषध वायाच), दिवा बंद केला. कामाला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाटलीचा हा फायदा मोठा आहे. हीटर नको, वीज गेली तरी उपचार चालूच, आणि पसारा काही नाही. ज्यांच्या घरी रोज तासन्‌तास वीज जाते त्यांनी हा मुद्दा मनापासून धरावा.

पण पाणी गडद निळं झालं आणि मासे दिसेनासे झाले.

ऐकायला हे किरकोळ वाटेल. माझ्यासाठी मात्र सगळा निर्णय इथेच झाला. माझी मुलगी रोज शाळेतून आली की काचेला नाक लावून मोठ्या एंजल माशाच्या शेपटीवरचे ठिपके मोजायची आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायची. सोमवारी सतरा, मंगळवारी तेवीस. औषध घातल्यावर चौकोन रिकामे राहिले. मी टॉर्च बाजूने धरून पाहिलं, तर निळ्या धुक्यात फक्त सावली हलायची. मासा वरच्या पाण्यात धापा टाकतोय की शांत आहे, कल्ले किती वेगाने हलताहेत, काहीच कळेना. पाच दिवसांचा कोर्स संपला, मी कोळसा परत घातला, दोन दिवसांत पाणी निवळलं. मासे स्वच्छ दिसत होते. आठवड्याभराने ठिपक्यांची दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा दाट. दोन टेट्रा मासे आणि धाकटा एंजल गेला.

दोष औषधाचा नव्हता, हे मला आज कळतं. हीटर नसलेली टाकी डिसेंबरात वीस अंशांखाली गेली होती. तिथे परजीवीचं चक्र इतकं लांबलं की वाळूतली कवचं फुटायच्या आत माझा कोर्स संपून गेला. पण पाणी आरपार दिसत असतं तर पहिले दोन ठिपके परतताना मुलीने त्याच दिवशी सांगितलं असतं. शिवाय काचेच्या कडेचा पांढरा सिलिकॉन निळा झाला तो कायमचाच, आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही फटका बसला असावा, कारण नंतर दोन आठवडे पाणी ढगाळ राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात नव्या मॉली माशांबरोबर रोग पुन्हा आला. यावेळी हीटर आणि मीठ. पाणी सव्वीसावरून तीसवर नेलं, पण एका दिवसात, सावकाश. मीठ साधं जाडं, काहीही न मिसळलेलं, लिटरमागे दोन ग्रॅम. माझ्या टाकीत वाळू आणि दगड वजा जाता पंचेचाळीस लिटर पाणी मावतं, म्हणजे नव्वद ग्रॅम. चमच्याने अंदाज करू नका, जाड्या मिठाचा चमचा कधी हलका भरतो कधी जड, स्वयंपाकघरातला काटा घ्या. ते टाकीतल्याच पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत घातलं, दोन हप्त्यांत बारा तासांचं अंतर ठेवून. थेट खडे टाकीत टाकले तर खालच्या माशांच्या अंगावर पडतात.

उष्णतेने परजीवीचं चक्र घाईने पुरं होतं, पिल्लं लवकर बाहेर पडतात आणि मिठाच्या पाण्यात सापडतात. तीस अंशांच्या आसपास बहुतेक वाणांचं वाढणंही थांबतं. काही वाण याहून जास्त उष्णता सोसतात अशी नोंद आहे, म्हणून केवळ हीटरवर विसंबू नये. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. कॅलेंडरवर आकडे उतरत गेले: चौदा, सोळा, नऊ, तीन, शून्य. शून्यानंतरही मी आठ दिवस उपचार चालू ठेवला. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, पंखावर एक आलाय." तो एक ठिपका मला दिसला, म्हणून मी उपचार थांबवला नाही.

या बाजूचं ओझंही सांगायला हवं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम, तीसला 7.6 च्या आसपास. कल्ल्यांत परजीवी शिरलेल्या माशाला तो फरक जाणवतो. म्हणून हवेचा पंप दिवसरात्र चालू, आणि वीज गेली तर तो आधी इन्व्हर्टरवर घ्यायचा, हीटर नंतर. दर दोन-तीन दिवसांनी वाळू ओढून पाव टाकी पाणी बदलायचं, आणि जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं. वाफ होऊन कमी झालेलं पाणी बिनमिठाचं भरायचं, कारण मीठ उडून जात नाही. हे कोणाला कटकटीचं वाटेल. मला नाही वाटलं, कारण वाळू ओढताना खालची कवचंच बाहेर जातात.

मीठ बेतानं घालावं किंवा घालूच नये अशा टाक्या आहेत. कोरी आणि लोच हे तळाशी राहणारे मासे पाळणाऱ्यांनी जपून, डोस निम्मा करून चालावं, आणि नाजूक झाडं भरलेली टाकी असेल तर मीठ वरचढ ठरत नाही. तिथे मॅलाकाइट ग्रीन बरं, तेही कमी डोसात. थंड पाण्याचे मासे तीस अंशांवर नेऊ नयेत. बाटली वापरली तर हातमोजे घाला. मॅलाकाइट ग्रीन खायच्या माशांवर वापरायला अमेरिका आणि युरोपात मनाई आहे, तेव्हा ते त्वचेवर लागू देऊ नये.

तोंडावर कापसासारखं काही दिसलं, तर तो हा रोग नाही. तो बहुधा जिवाणूंचा असतो, आणि पाणी तापवलं तर झपाट्याने वाढतो. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली तर तो वेल्व्हेट नावाचा रोग, त्याचा उपाय वेगळा. खात्री झाल्याशिवाय हीटर चढवू नका.

आणि हे दोन्ही करायची पाळी येऊ नये याची सोय स्वस्त आहे. दुकानातले मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून, कोलकात्याहून पिशवीत बसून येतात. प्रवास, गर्दी आणि बदलतं तापमान यांनी थकलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो. मी आता वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर आणि वेगळी जाळी ठेवतो. नवीन मासा तिथे चार आठवडे राहतो. दुकानाचं पाणी टाकीत ओतत नाही. या टबमध्ये ठिपका दिसलाच तर हीटर आणि मीठ तिथेच लागतं, चाळीस ग्रॅम पुरतं, आणि मोठ्या टाकीतल्या झाडांना आणि कोरींना काही होत नाही. बाटली अजूनही खणात आहे.