ब्रेकमधली हवा काढायचा हातपंप : पावसाळाभर वापरून

हा पंप घेतला तो गॅरेजवाल्याशी वाजलं म्हणून. मागचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) बदलून गाडी मिळाली, तर पेडल मऊ. दोनतीनदा दाबलं की वर यायचं आणि दाबून धरलं की तिथेच टिकायचं. मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) सील गेले असते तर धरलेलं पेडल हळूहळू खाली बसलं असतं. ऑइलच्या लाइनमध्ये हवा होती, बस्स. तरी तो म्हणे, मास्टर बदला. हजारो रुपये उगाच का घालायचे?

पंप चाकापासून ऑइल आणि हवा ओढून घेतो. मजबूत आहे, ओढ दाखवणारा काटा नीट चालतो. डोकं उठवलं ते निपलवर (चाकामागचा हवा सोडायचा पोकळ स्क्रू) बसवायच्या रबरानं. ढिलं! डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात केली, मास्टरपासून तेच सर्वांत लांब. निपल पाव फेरा सैल केला आणि नळीत बुडबुड्यांची माळ सुरू झाली, थांबेचना. अर्धी बाटली ऑइल गेलं. त्या रात्री एक स्टार देणार होतो.

नंतर मत थोडं बदललं. रबर तारेनं आवळलं, निपल बंद ठेवून पंप मारला, तर काटा चढून तिथेच टिकला, म्हणजे रबर आता गळत नव्हतं. तेव्हा उरलेले बुडबुडे निपलच्या आट्यांमधून ओढल्या जाणाऱ्या बाहेरच्या हवेचे होते. निपलच्या बुडाशी ब्रेकचं रबर ग्रीस थापलं (साधं ग्रीस नको, ब्रेकची रबरं फुगतात) आणि माळ तुटली. शेवटचा हात मात्र पेडलनंच. बायको आत बसली. "दाब." "दाबलंय." निपल उघडलं, चहाच्या रंगाची धार आली, निपल आवळलं, मगच "सोड". पेडल दगडासारखं झालं.

पाऊस संपेपर्यंत घाट बरेच झाले, पेडल तसंच आहे. आता पंप जास्त उपयोगी पडतो तो जुनं ऑइल बदलायला. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जिवावर बेततो. पंप मारताना बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे हा पंप पुरा पडत नाही.

तीन स्टार. पेटीत मूठभर अडॅप्टर भरण्यापेक्षा एकच घट्ट रबर दिलं असतं तर पाच दिले असते.