वर्गातला तास की घरची बाग?
रत्नागिरीत बीकॉम, बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) करणाऱ्या पोरांना धंद्याची ओढ कशानं लागते: उद्योजकतेच्या तासानं की घरच्या आंब्याच्या कलमांनी? मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या १९९१च्या मांडणीनुसार एखादी गोष्ट करायचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: स्वतःचा कल, आपल्या माणसांचं मत आणि ‘मला जमेल’ ही खात्री.

तासाला प्रकल्प अहवाल, खेळतं भांडवल समजतं, कल वाढतो. खात्री मात्र घरीच येते. पेटीत पेंढा घालता घालता वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाशी फोनवर भावावरून हुज्जत घालणारी आई जिनं पाहिली, ती मुलगी धंद्याला बिचकत नाही. पण त्याच घरात ‘मुंबईत नोकरी बघ’ हेही ऐकू येतं. अवकाळी पावसानं मोहोर गळाला की कर्जाचे हप्ते कसे अंगावर येतात, हे घरानं भोगलेलं असतं. तरी माझा कौल घरालाच. कॉलेजनं पालकांनाही तासाला बोलवावं, एवढंच.